झेडपी शाळेचा जुना ऑइल पेंट कोरडाच घासतायत, वर नवीन रंग कुठल्या कंपनीचा माहीत नाही. शिशाबद्दल नियम काय आहे?

माणदेशी_आई

नमस्कार सगळ्यांना. मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि आमच्या झेडपी शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. मुलगा दुसरीत आहे आणि मुलगी त्याच आवारातल्या अंगणवाडीत जाते. सध्या शाळेचं रंगकाम चालू झालंय, भिंतींवर बालाचं काम करणार म्हणजे मुळाक्षरं, पाढे, फळं, प्राणी, व्हरांड्याला रेल्वेच्या डब्यासारखा रंग वगैरे, आणि दारं खिडक्या, मैदानातली घसरगुंडी, झोपाळे हे पण रंगवणार. शाळा देखणी होतेय याचा आनंदच आहे, गावाने वर्गणी पण दिलीय.

पण काल मुलीला सोडायला गेले तर रंगारी खिडक्यांचा जुना रंग पत्र्याने खरवडत होते आणि पॉलिश पेपरने कोरडाच घासत होते, सगळी पिवळी धूळ व्हरांड्यात पडलेली आणि त्याच व्हरांड्यात मुलं खिचडी खायला बसतात. अंगणवाडीतली लहान पोरं तर खाली पडलेले रंगाचे पापुद्रे उचलून खेळत होती. मी ठेकेदाराला विचारलं की डबा कुठल्या कंपनीचा आहे, तर म्हणाला ताई चांगला रंग आहे, काळजी करू नका. डब्यावर नाव आहे ते मी कधी ऐकलेलं नाही.

मागे कुठेतरी वाचलं होतं की रंगात शिसं असतं आणि ते मुलांच्या मेंदूला वाईट. तर मला विचारायचंय की अजून असतं का, की ते आता बंद झालं? कायदा काय म्हणतो? जुन्या रंगाचं काय करायचं? मुलांची रक्ततपासणी करून घ्यावी का? आणि हे सांगायचं कुणाला, मुख्याध्यापक, ग्रामपंचायत की बीडीओ? गावात उगाच वाद नको पण गप्प पण बसवत नाहीये.

---

रंगवाला_कराड

ताई, माझं रंगाचंच दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून, तर मला जे माहिती आहे ते सांगतो.

कायदा आहे आणि चांगला कडक आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १ नोव्हेंबर २०१६ ला नियम काढला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही, म्हणजे दहा लाख भागात ९० भाग. बनवायला, विकायला, आयात करायला सगळ्यालाच बंदी. डब्यावर तसं छापलेलं पाहिजे की शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही, आणि बनवणाऱ्याचं नाव पत्ता पण पाहिजे. त्याच्या आधी जे मानक होतं ते ऐच्छिक होतं, पाळलं तर पाळलं. मोठ्या कंपन्यांनी नियम यायच्या आधीच बऱ्यापैकी बदल केला होता, छोट्या कंपन्यांचा प्रश्न राहिला. टॉक्सिक्स लिंक म्हणून दिल्लीची संस्था आहे ती बाजारातले डबे उचलून तपासत असते, त्यांना नियम झाल्यानंतर पण छोट्या ब्रँडच्या ऑइल पेंटमध्ये मर्यादेच्या कितीतरी पट शिसं सापडलेलं आहे.

आता शिसं घालतात कशाला तर पिवळा, केशरी, लाल, पोपटी हे भडक रंग लेड क्रोमेटने, म्हणजे शिशाच्या पिवळ्या पुडीने, स्वस्तात येतात आणि उन्हापावसात टिकतात, शिवाय ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणून पण शिशाचा ड्रायर घालायचे. पाण्यात मिसळायच्या रंगात, डिस्टेंपर किंवा इमल्शनमध्ये, हा प्रश्न फारच कमी. म्हणजे शाळेत बघा, नेमके जे रंग मुलांना आवडतात म्हणून भिंतीवर घेतो तेच जास्त धोक्याचे आणि ते ऑइल पेंटमध्येच घेतो कारण भिंत पुसता येते.

अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही. हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगालाच आहे. यंत्रांना, गाड्यांना, रस्त्याच्या पट्ट्यांना जो इंडस्ट्रियल रंग लागतो त्याला नाही. आणि घसरगुंडी झोपाळा फॅब्रिकेशनवाल्याकडे बनतो, तो त्याच्याकडे जो इंडस्ट्रियल इनॅमल पडलेला असतो तोच मारतो, गेटला तोच, झोपाळ्याला तोच. त्याला वाटतं लोखंड आहे, लोखंडाचा रंग मारला. त्याला काही चुकीचं वाटायचं कारणच नाही कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पोरगं मात्र तो दांडा धरतं आणि तोच हात तोंडात घालतं.

तुम्ही आज एवढंच करा, डब्याचा फोटो काढा, चारही बाजूंनी. ९० पीपीएमची ओळ नसेल तर तो डबा शाळेत वापरू देऊ नका, तेवढ्यावर तुमचं म्हणणं पक्कं उभं राहतं.

---

सह्याद्री७२

माफ करा पण मला हे जरा जास्त वाटतंय. आम्ही सगळे अशाच शाळेत शिकलो, पिवळ्या भिंती, निळ्या खिडक्या, रंगाचे पापुद्रे काढणं हा तर खेळच होता. काही झालं नाही कुणाला. आमच्या भागात शाळेला धड पाणी नाही, छप्पर गळतंय, शिक्षक एक आणि वर्ग चार, आणि इथे पीपीएम मोजत बसायचं. गावाने वर्गणी काढून रंग दिला तर तो पण अडवायचा का? पुढच्या वेळी कोणी देणार नाही. आधी पाणी, छप्पर, शिक्षक, मग हे.

---

बालरोग_नाशिक

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सह्याद्री दादांनी जे लिहिलंय ते मला रोज ऐकायला मिळतं आणि त्यात राग यायचं काही नाही, कारण शिशाची अडचणच ही आहे की ते दिसत नाही. ताप येत नाही, पुरळ येत नाही. खूप जास्त झालं तर पोटात दुखतं, उलट्या होतात, फिट येते, पण तेवढं होण्याच्या कितीतरी आधी ते मेंदूवर काम करत असतं. मुलाचं लक्ष थोडं कमी लागतं, बुद्ध्यांक काही अंकांनी खाली येतो, चिडचिड वाढते. आणि तो मुलगा नाहीतर किती पुढे गेला असता हे आईला कधीच कळणार नाही, बाईंना पण नाही, मला पण नाही. म्हणून "आम्हाला काही झालं नाही" हे कुणालाच सांगता येत नाही, मला स्वतःबद्दल पण सांगता येत नाही.

लहान मुलांचंच का, तर त्यांच्या आतड्यातून शिसं मोठ्यांच्या चारपाच पट शोषलं जातं, त्यात शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर अजून जास्त, आणि आपल्याकडे रक्तक्षय किती मुलांना आहे हे सांगायला नको. शिवाय ती जमिनीवर असतात आणि हात तोंडात असतो. म्हणजे ज्या मुलांना आधीच कमी मिळतंय त्यांच्याच अंगात हे जास्त जातं. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते की रक्तातल्या शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर आलं तर ते कुठून येतंय ते शोधून थांबवा असं त्यांचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. शिसं बाहेर काढणारं औषध आपण मुलांना ४५ किंवा त्याच्या वर गेलं तर देतो, आणि ते दिल्यावरसुद्धा मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

म्हणजे माझ्या हातात डॉक्टर म्हणून फार काही नाही, हे मी मनापासून सांगतोय. मूल माझ्याकडे येईपर्यंत व्हायचं ते झालेलं असतं. हा आजार दवाखान्यात बरा होत नाही, तो सरकारी कागदावर बरा होतो. आणि झालेला आहे! पेट्रोल आठवा. पेट्रोलमध्ये शिसं घालायचे, चार महानगरांत १९९४-९५ पासून कमी करत आणलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. त्यासाठी कुठल्या आईने काही केलं नाही, मुलांना काही खाऊ घातलं नाही, कुणाला घाबरवलं नाही, एका निर्णयाने ते कोट्यवधी मुलांच्या श्वासातून गेलं. त्याच सुमाराला, १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं आणि तेव्हा जी १० मायक्रोग्रॅमची रेषा धरायचे तिच्या वर मोठ्या संख्येने मुलं होती. त्यानंतर त्या सर्वेक्षणात शिसं परत मोजलेलंच नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेचा जो अहवाल आला त्यात भारतात साडेसत्तावीस कोटींच्या आसपास मुलांच्या रक्तात ५ च्या वर शिसं असावं असा अंदाज दिलाय, पण तो अंदाज आहे, आपण स्वतः मोजलेला आकडा नाही. शिशाचं पेट्रोल बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी हे येतंय कुठून, तर रंग, बॅटऱ्यांचं भंगार, काही मसाले, भांडी, सुरमा अशा ठिकाणांहून.

ताईंच्या तपासणीच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं लिहितो, पेशंट आहेत.

---

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो, मूळचा मिरजेचा. इथलं सगळं भारी आणि आपलं वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाहीये पण या एका बाबतीत इथली पद्धत सांगावीशी वाटली.

इथे घरातल्या रंगात शिशाला १९७८ ला बंदी आली. पण बंदी आली तरी जुन्या भिंती तशाच उभ्या होत्या ना, म्हणून पुढे जुन्या भिंतींसाठी वेगळे नियम करावे लागले. १९७८ च्या आधीचं घर विकताना किंवा भाड्याने देताना मालकाला शिशाबद्दल माहीत आहे ते लेखी द्यावं लागतं, ती पुस्तिका मला पहिलं घर भाड्याने घेताना मिळाली होती. २०१० पासून असं जुनं घर किंवा लहान मुलांची जागा, म्हणजे शाळेचे लहान वर्ग, पाळणाघर, रंगवायची तर ठेकेदार प्रशिक्षण घेतलेला लागतो, ज्योतीने रंग जाळायचा नाही, मशीनने घासायचं तर धूळ ओढून घेणारं फिल्टर लागतं, खाली प्लास्टिक, मुलं लांब. म्हणजे ताईंनी जे दृश्य लिहिलंय ते इथे नियमात बसलंच नसतं. आमच्या राज्यात २०२२ पासून भाड्याच्या जुन्या घरांची तपासणी पण सुरू झालीय.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट, आमच्या राज्यात प्रत्येक मुलाचं रक्त एक वर्षाचं आणि दोन वर्षांचं असताना शिशासाठी तपासतात. आई वडिलांनी मागायची गरज नाही, लसीसारखं ठरलेलं आहे. मिशिगनमधलं फ्लिंट आठवत असेल, २०१४ मध्ये शहराचं पाणी बदललं आणि जुन्या नळांमधलं शिसं पाण्यात उतरायला लागलं, अधिकारी म्हणत राहिले पाणी चांगलं आहे. मग तिथल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी, मोना हॅना अटिशा, मुलांच्या आधीच्या आणि नंतरच्या रक्ततपासण्या शेजारी ठेवून २०१५ मध्ये दाखवून दिलं की शिसं वाढलंय, आणि काही आठवड्यांत पाण्याचा स्रोत परत बदलावा लागला. तिथल्या बऱ्याच लहान मुलांच्या त्या तपासण्या नेहमीच होत होत्या म्हणून त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं. तपासणीच नसती तर लोकांनी नुसतं ओरडायचं आणि सरकारने नाही म्हणायचं एवढंच झालं असतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी इथल्या मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास शिसं होतं, आता एकच्या खाली आहे.

---

हळदीचा_सांगलीकर

डॉक्टरांनी मसाल्याचा विषय काढला म्हणून लिहितोय, आमचं घर हळदीच्या अडतीत आहे. लेड क्रोमेट, जे कराडच्या दादांनी पिवळ्या रंगात सांगितलं, तेच काही ठिकाणी हळकुंडाला पॉलिश करताना लावतात. हळद शिजवून वाळवली की ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात, तेव्हा काळपट पडलेल्या मालाला झळाळी आणायला पिवळी पूड टाकायची. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, इथे माल चांगला असतो, सगळे असं करत नाहीत हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, पण देशभरात कुठेच होत नाही असं पण नाही. चारपाच वर्षांपूर्वी भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेतल्या शहरांतून नमुने घेतले त्यात पाटणा आणि पेशावरच्या काही नमुन्यांत हजार पीपीएमच्या वर शिसं निघालं. आपल्या एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा १० पीपीएम आहे आणि लेड क्रोमेट तर अजिबातच चालत नाही.

मला बांगलादेशची गोष्ट सांगायचीय, आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकावी अशी. तिथे खेड्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि आजूबाजूला ना कारखाना ना रंग. ढाक्याची आयसीडीडीआरबी ही संस्था आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी शोध घेतला तर ते हळदीतून येत होतं. १९८० च्या दशकात पुरात हळद भिजून काळी पडली तेव्हापासून ही सवय लागली होती. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने मनावर घेतलं, मोठ्या बाजारात शिसं मोजायचं यंत्र घेऊन गेले, जागच्या जागी तपासलं, व्यापाऱ्यांना दंड केला, ते टीव्हीवर दाखवलं, बाजारात पत्रकं लावली. २०१९ ला बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२० ला ५ टक्के आणि २०२१ ला शून्य. हळदीच्या गिरण्यांत काम करणाऱ्या लोकांच्या रक्तातलं शिसं पण कमी झालं. दोन वर्षांत झालं हे, आपल्या शेजारच्याच देशात. त्यांनी प्रत्येक आईला हळद पारखायला शिकवलं नाही, सरळ घाऊक बाजार धरला. आपल्याकडे सौदे निघतात तिथेच, मार्केट यार्डात, असं हातात धरायचं यंत्र ठेवलं तर प्रामाणिक व्यापाऱ्याला तर उलट फायदाच आहे, त्याच्या मालाचं मोल कळेल. मी आमच्या असोसिएशनमध्ये हे बोललोय आणि बोलत राहणार.

---

बालरोग_नाशिक

सांगलीकर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत, धन्यवाद. आता माणदेशी ताईंसाठी.

रक्ततपासणी होते, शिरेतून रक्त घेऊन मोठ्या लॅबला पाठवतात, तालुक्याला होणार नाही पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या लॅबमधून जाते आणि साध्या रक्त तपासणीच्या मानाने बिल बरंच जास्त येतं. म्हणून मी गावातल्या प्रत्येक पालकाला करा म्हणणार नाही, ते न्याय्य पण नाही. तुमच्या मुलीने पापुद्रे तोंडात घातले असतील, किंवा एखाद्या मुलाला माती, चुना, रंग खायची सवय असेल, किंवा घरात कुणी बॅटरीचं, रेडिएटरचं, रंगाचं काम करत असेल तर मात्र त्या मुलांचं करून घ्या. बाकी सगळ्यांचं हिमोग्लोबिन बघा, लोहाची कमतरता भरून काढा, नाचणी, तीळ, दूध, पालेभाजी, हे सगळं शिशाला आत शिरायला अडथळा करतं. जेवायच्या आधी साबणाने हात. पण लक्षात ठेवा, धूळ तशीच ठेवून नाचणी खाऊ घालून उपयोग नाही.

मला मोठ्या पातळीवर एकच गोष्ट हवीय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, डोळे, कान, दात, हृदय, रक्तक्षय, विकासातला उशीर असं तपासतं. गाडी आहे, डॉक्टर आहेत, नोंदवही आहे, मोठ्या दवाखान्यात पाठवायची सोय आहे. त्या यादीत तीस आजार आहेत आणि शिसं नाही. सगळ्या मुलांचं नको, पण प्रत्येक जिल्ह्यात काही गावांत, भंगार बाजाराजवळच्या वस्त्यांत दरवर्षी ठराविक मुलांचं रक्त तपासलं तरी कुठे शिसं आहे याचा नकाशा तयार होईल. एडिसनकरांनी जे फ्लिंटचं लिहिलंय तेच, आपल्याकडे दाखवायला आकडाच नाही म्हणून हा प्रश्न आहे असंच कुणाला वाटत नाही.

---

सह्याद्री७२

डॉक्टर, वाचलं सगळं. माझं पाणी छपराचं म्हणणं अजून तेच आहे, ते खरंच आहे आमच्याकडे. पण खर्चाबद्दल विचारतो, ९० पीपीएमवाला रंग किती महाग पडतो? कारण गाव गरीब आहे म्हणून स्वस्तातला घेतला जातो, कुणाचा हेतू वाईट नसतो.

---

रंगवाला_कराड

दादा, ओळखीच्या कंपनीचा डबा लोकल डब्यापेक्षा महाग पडतो हे खरं आहे, पण त्यात नुसतं शिसं नसण्याचे पैसे नाहीत, पसरतो पण जास्त. भिंतीला ऑइल पेंटऐवजी धुता येणारं इमल्शन घेतलं तर शिशाचा प्रश्न जवळजवळ संपतो आणि उन्हाळ्यात वासाने मुलांचं डोकं पण दुखत नाही. फक्त दारं खिडक्या आणि खेळणी ऑइल पेंटने करायची, तिथे लेबलवाला डबा. एकूण हिशोबात फार फरक येत नाही, मी करून देतो हिशोब, भिंतींचं माप पाठवा. आणि कायद्याने दुसरा डबा विकायलाच बंदी आहे, म्हणजे महाग स्वस्त हा प्रश्नच यायला नको, दुकानात तो डबा आलाच नाही पाहिजे. आमच्याकडे वजनमाप तपासायला येतात, जीएसटीवाले येतात, पण माझ्या दुकानात शिसं तपासायला आजपर्यंत कुणी आलेलं नाही. हे बदलायला पाहिजे.

---

सेविका_ताई

मी अंगणवाडी सेविका आहे विदर्भातली. आमच्याकडे खेळणी येतात कधी कधी देणगीतून, प्लास्टिकची रंगीत, स्वस्तातली, पोरं चघळतात. त्यात पण असतं का हे? आणि आमच्या गल्लीत एक बॅटरीचं दुकान आहे, मागच्या बाजूला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात रात्री, धूर येतो, त्याच घरातली दोन पोरं माझ्याकडे येतात आणि दोघं पण बोलायला मागे आहेत. मला कधी हे जोडून बघायचं सुचलंच नाही, आज वाचून अंगावर काटा आला. कुणाला सांगू? त्यांचं पोट त्याच्यावर आहे, त्यांचं दुकान बंद व्हावं असं मला नाही वाटत.

---

बालरोग_नाशिक

ताई, आधी ती दोन मुलं. बोलायला उशीर होण्याची कारणं बरीच असतात, कानापासून सगळं तपासायला लागतं, त्यामुळे लगेच शिशाचं नाव लावू नका, पण तुमच्याकडे येणाऱ्या आरबीएसके पथकाच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा, उशीर पण आणि बॅटरी पण, आणि रक्तातलं शिसं तपासायला जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी मागा. घरच्यांना प्रेमाने सांगा की कामाचे कपडे घरात आणू नका, बाहेर बदला, आंघोळ करून मगच लेकराला उचला, आणि वितळवायचं काम वस्तीत नको. आई गरोदर असेल तर तिने त्या खोलीत जायचंच नाही, कारण शिसं बाळापर्यंत पोचतं.

तुम्ही म्हणालात दुकान बंद नको, मला पण तसंच वाटतं. २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत, त्यात जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणी असलेल्या कारखान्यातच गाळायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या कंपनीवर टाकलीय. पण गल्लीत रोख पैसे जास्त मिळतात म्हणून माल तिकडे जातो. त्या दुकानदाराने बॅटऱ्या फक्त गोळा करून द्याव्यात आणि त्याचा दर त्याला परवडावा, गाळायचं काम चिमणी आणि फिल्टर असलेल्या कारखान्यात व्हावं. हे दर ठरवून होणार आहे, धाड टाकून नाही, धाड टाकली की तीच भट्टी पुढच्या गल्लीत लागते.

खेळण्यांचं, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि त्या मानकात शिसं बघितलं जातं. देणगी घेतानाच मार्क बघून घ्या, जुनी रंग उडालेली खेळणी काढून टाका. आणि पोरांच्या डोळ्यात सुरमा घालू नका असं आयांना सांगा, बऱ्याच सुरम्यांत शिसंच असतं.

---

माणदेशी_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मी फोटो दाखवले आणि मुख्याध्यापक सर खूप समजूतदार निघाले. डब्यावर ९० पीपीएमची ओळ नव्हतीच, बनवणाऱ्याचा पत्ता पण नव्हता. ठेकेदाराला सांगून तो माल परत पाठवला, थोडी कुरकुर झाली पण भांडण नाही झालं. खरवडायचं काम दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलं, पाणी मारून ओलं करून, खाली ताडपत्री टाकून, आणि झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. जिथे रंग घट्ट आहे तिथे न खरवडता वरूनच नवीन हात द्यायचा. व्हरांडा पाण्याने दोनदा धुतला आणि खिचडी तोपर्यंत वर्गात. मुलीचं रक्त आम्ही साताऱ्याला देऊन आलोय, रिपोर्ट यायचाय.

पण मला आता हे खुपतंय की आमच्या शाळेत झालं कारण मी योगायोगाने तिथे उभी होते. शेजारच्या वाडीत तोच ठेकेदार काम करणार आहे, तिथे कोण बघणार? समितीत ठराव करायचा म्हणतेय, त्याची भाषा कुणी सांगेल का? आणि तो नुसता आमच्या फाइलला लागून राहू नये यासाठी काय करावं?

---

एडिसनकर

ताई, वडील जिल्हा परिषदेत होते म्हणून भाषा थोडी माहितीय, असं काहीतरी करा, बदल करून घ्या:

"शाळा व अंगणवाडीच्या इमारती, फर्निचर आणि मैदानी खेळणी यांच्या रंगकामासाठी केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमानुसार शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचे लेबल असलेलाच रंग वापरावा. लोखंडी खेळण्यांसाठी औद्योगिक रंग वापरू नये. जुना रंग कोरडा घासू नये, रंगकाम शाळेच्या सुट्टीत करावे. देयकासोबत डब्याच्या लेबलचा फोटो जोडल्याशिवाय देयक अदा करू नये."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे, बिल अडलं की ठेकेदार स्वतःच लेबल शोधतो. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकारी, बीडीओ आणि बालविकास प्रकल्प अधिकारी या तिघांना द्या आणि पोच घ्या, कारण शाळा आणि अंगणवाडी वेगवेगळ्या खात्यांकडे आहे, एकालाच दिली तर दुसरा म्हणेल आमच्याकडे आलीच नाही.

---

रंगवाला_कराड

ठराव एकदम बरोबर आहे. अजून सांगतो, शाळांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं जे संयुक्त अनुदान येतं त्यातूनच बरीचशी रंगरंगोटी होते. त्या अनुदानाच्या सूचनेत आणि बालाच्या अंदाजपत्रकात ही लेबल आणि फोटोची अट राज्याने एका जीआरने घातली तर वाडीतल्या शाळेत कुणी आई उभी असो नसो, काम बरोबरच होईल. आमदारांना पत्र देताना हेच मागा, पैसे मागू नका, एक ओळ मागा. आमच्या तालुक्यातल्या रंगाच्या दुकानदारांची सही मी आणून देतो, आम्हाला पण तो लोकल डबा दुकानात नकोच आहे.

आणि ताई, भिंतींचं माप पाठवायचं विसरू नका, सुट्टीच्या आधी माल पोच करतो.

---

सेविका_ताई

हा ठराव मी पण आमच्या पर्यवेक्षिका मॅडमना दाखवते. त्या दोन पोरांच्या आईशी आज बोलले, ती ऐकून घाबरली पण येते म्हणाली, गुरुवारी पथक येणार आहे तेव्हा दोघांना घेऊन बसवते. डॉक्टर, चिठ्ठीवर नक्की काय लिहून मागू तेवढं सांगा.

---

बालरोग_नाशिक

"ब्लड लेड लेव्हल, शिरेतील रक्त" एवढं लिहून मागा, आणि सोबत हिमोग्लोबिन, आणि कानाची तपासणी. वडिलांचं काम काय ते चिठ्ठीवर लिहायला सांगा, नाहीतर पुढचा डॉक्टर विचारणारच नाही. रिपोर्ट आला की इथेच टाका, नावं न घालता, मी बघतो.